एकच थाप, बाकी सगळं खरं: ब्रिटिश हवाई दलाच्या रंगातलं ‘न झालेलं’ जेट कसं घडवायचं

माझं पहिलं ‘न झालेलं’ विमान, म्हणजे ब्रिटनने प्रत्यक्षात कधी न उडवलेल्या विमानाची छोटी प्रतिकृती, होतं एफ-१११के. खऱ्या जगात ब्रिटनने अमेरिकेकडे अशी ५० विमानं मागवली होती. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं आणि जानेवारी १९६८ मध्ये मागणी रद्द. मी ती रद्द होऊ दिली नाही. १:७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, किट आणलं, वरून हिरवा-करडा रंग मारला आणि त्यावर ब्रिटिश हवाई दलाचे गोल, म्हणजे विमान कोणत्या देशाचं ते सांगणारी खूण, लावले, फिकट गुलाबी आणि फिकट निळे. डिकॅलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांच्या, पानावर तेवढेच उरले होते. खाली चिठ्ठी लावली, ‘सन १९७०’. एका प्रदर्शनात एक आजोबा चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “विमान पटलं हो. गोल नाही पटले.”

या छंदाची सगळी गोम त्या दोन वाक्यांत आहे. ब्रिटनने कधी न उडवलेलं विमान बघणारा मान्य करतो, कारण ती थाप आहे हे त्याला ठाऊक असतं आणि ती ऐकायलाच तो आलेला असतो. करडे लढाऊ जेट शत्रूला दिसू नये म्हणून काढलेले फिकट गोल १९७० च्या दशकाच्या शेवटी आले, ते १९७० च्या विमानावर मात्र त्याला खपत नाहीत. ती दुसरी थाप झाली, आणि तिची गरज नव्हती. तेव्हापासून एक नियम पाळतो: एका विमानात एकच थाप. बाकी रंग, क्रमांक, स्क्वॉड्रन, बॉम्ब, तळ सगळं सरकारी दप्तरात शोभेल इतकं खरं.

कागदावर बाजूचं चित्र काढणार असाल किंवा प्लास्टिकचं किट जोडणार असाल, शेवटच्या टप्प्यापर्यंत वाट एकच आहे. मी इथे एकच विमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडवून दाखवतो.

आधी फाटा शोधा

विमान नंतर निवडा. खऱ्या इतिहासाचा रस्ता जिथे दुसरीकडे वळू शकला असता, ती जागा आधी शोधा. ब्रिटिश विमानांच्या इतिहासात असे फाटे पैशाला पासरी आहेत. १९५७ मध्ये संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांच्या श्वेतपत्रिकेने ठरवलं की पुढचं युद्ध क्षेपणास्त्रांचं. एसआर.१७७ सारखी लढाऊ विमानं कागदावरच राहिली, लायटनिंग तेवढं वाचलं. फेब्रुवारी १९६५ मध्ये सरळ वर उठणारं आणि ध्वनीपेक्षा वेगाने जाणारं पी.११५४ गेलं. त्याच वर्षी ६ एप्रिलला अर्थसंकल्पाच्या भाषणात टीएसआर-२ हे हल्ल्याचं आणि टेहळणीचं विमान रद्द झाल्याचं जाहीर झालं. तोवर त्याचं एकच विमान, एक्सआर २१९, हवेत गेलं होतं, तेही २४ वेळा.

टीएसआर-२ मात्र नवख्याने करू नये असं माझं मत. सगळेच ते करतात, आणि आखाती युद्धातल्या गुलाबी वाळूच्या रंगातलं टीएसआर-२ इतक्या टेबलांवर पाहिलंय की ते खरंच झालं असावं असं वाटायला लागलंय.

फाटा पक्का करायला एकच प्रश्न विचारायचा: पैसे कुठून आले? ब्रिटनची युद्धानंतरची सगळी विमानकथा तिजोरीतल्या खडखडाटाची आहे. ‘सरकारला शहाणपण सुचलं आणि त्यांनी हे विमान घेतलं’ हा फाटा नव्हे, ती इच्छा झाली. काही मिळालं तर काहीतरी गेलं पाहिजे. ते काय गेलं हे एका ओळीत सांगता आलं की पुढे जा.

मी निवडलेला फाटा १९५८ चा, अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एडन बंदराचा. आपल्याला एडन म्हटलं की वासुदेव बळवंत फडके आठवतात. ते तिथल्याच तुरुंगात १८८३ मध्ये वारले, आणि ते बंदर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्याच कारभारात होतं. १९५८ मध्ये तिथल्या ब्रिटिश हवाई दलाकडे व्हेनम विमानं होती आणि ती बदलायची होती. एडनच्या उन्हात तीन विमानांची परीक्षा झाली: हॉकर हंटर, जेट प्रोव्होस्ट आणि फॉलंडचं चिमुकलं नॅट. हंटर जिंकलं. श्वेतपत्रिकेनंतर स्क्वॉड्रन बंद होत होत्या, त्यामुळे हंटर एफ.६ मुबलक होती. तीच दुरुस्त करून, ब्रेकची पॅराशूट आणि जास्त वजन उचलायची सोय देऊन हंटर एफजीए.९ तयार झालं.

नॅटची पुढची गोष्ट आपल्याला पाठ आहे. ब्रिटिश हवाई दलाने त्याचं लढाऊ रूप घेतलंच नाही, दोन जणांचं शिकाऊ विमान म्हणून घेतलं. आपण घेतलं, बंगलोरला एचएएलमध्ये बनवलं, १९६५ मध्ये त्याला ‘सेबर स्लेअर’, म्हणजे पाकिस्तानी सेबर विमानं पाडणारं, हे नाव मिळालं आणि १९७१ मध्ये श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों ते उडवताना परमवीर झाले.

तर माझी थाप अशी: स्वित्झर्लंड आणि भारताने १९५७-५८ मध्ये हंटर मागवल्यावर आणखी गिऱ्हाइकं धावली, आणि सरकारने शिल्लक हंटर एफ.६ परदेशी चलनासाठी विकून टाकली. दुरुस्तीला विमानंच उरली नाहीत. एडनला स्वस्तातलं नवं विमान हवं होतं, म्हणून नॅट. पैसे आले हंटर विकून, गेली ती हंटर. इथून पुढे मी एकही थाप मारणार नाही.

विमानाला त्याच्या मर्यादा सोडू नका

नवखा इथे वाहवत जातो आणि लहान विमानाला चार क्षेपणास्त्रं, मोठं रडार आणि अणुबॉम्ब टांगतो. नॅटचं वजन हंटरच्या निम्म्याहूनही कमी. हवेच्या तोंडांच्या कडेला ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा, शिवाय ५०० पौंडांचे दोन बॉम्ब किंवा ३ इंची रॉकेटं. (या तोफेचा आणि एडन बंदराचा संबंध नाही. इंग्रजीतल्या ‘शस्त्र विकास’ या दोन शब्दांची आद्याक्षरं आणि एनफील्ड गावाची पहिली दोन जोडून ते नाव झालं. चिठ्ठीत दोन्ही एडन आले की लोक हटकून विचारतात.)

नॅटची खरी अडचण अशी, की लांब जायचं तर पंखाखाली जादा टाक्या लावाव्या लागतात आणि मग बॉम्बला जागा उरत नाही. याचं उत्तर कल्पनेतून काढायची गरज नाही. एचएएलने काढून ठेवलंय. १९७५ मध्ये उडालेल्या अजितमध्ये, म्हणजे नॅटच्याच सुधारलेल्या रूपात, इंधन पंखातच भरलं आणि पंखाखाली टांगायचे खांब शस्त्रांना मोकळे केले. माझ्या जगात फॉलंडला हेच १९६० मध्ये करावं लागलं. ‘हे शक्य होतं का?’ असं कोणी विचारलं की मी अजितकडे बोट दाखवतो. खऱ्या जगात कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी केलेली सुधारणा उसनी घेणं ही या छंदातली सर्वात उपयोगी युक्ती आहे.

नाव आणि क्रमांक

ब्रिटिश पद्धतीत विमानाच्या नावामागे काम सांगणारी अक्षरं आणि मग आकडा येतो. एफ म्हणजे लढाऊ, बी बॉम्बफेकी, पीआर छायाचित्रं काढणारं, टी शिकाऊ, एफजीए म्हणजे लढाऊ आणि जमिनीवर हल्ला करणारं. काम बदललं तरी आकडा सहसा पुढेच जातो. हंटरचं बघा: एफ.६, मग टी.७, टी.८, एफजीए.९, एफआर.१०, जीए.११. म्हणून ‘हंटर एफजीए.१’ असं लिहिलंत की जाणकार तिथेच थांबतो. सरकारने चाचणीसाठी घेतलेली सहा नॅट एफ.१ धरली तर माझं विमान नॅट एफजीए.२, आणि शिकाऊ रूप या जगात टी.३ होतं.

मग सीरिअल, म्हणजे प्रत्येक विमानाचा स्वतःचा क्रमांक. दोन अक्षरं, तीन आकडे. अक्षरं कालक्रमाने पुढे सरकतात, त्यामुळे ती जणू जन्मतारखेचा दाखला आहेत. फँटम म्हणजे एक्सटी, एक्सव्ही. जॅग्वार एक्सएक्स, एक्सझेड. टायफून झेडजे, झेडके. आय, ओ, क्यू ही अक्षरं गोंधळ नको म्हणून टाळलेली असतात. १९६० च्या विमानावर ‘झेडए’ लिहिलंत तर त्याचा जन्म वीस वर्षं पुढे गेला.

क्रमांक मिळवायच्या दोन चांगल्या वाटा आहेत. एक, रद्द झालेल्या मागणीला खरोखर दिलेले क्रमांक घ्यायचे. एफ-१११के साठी एक्सव्ही ९०२ ते एक्सव्ही ९४७ राखून ठेवलेले होते. दुसरी वाट, आपल्या थापेमुळे जे विमान बनलंच नाही त्याचे क्रमांक घ्यायचे. माझ्या जगात कारखाना आधी लढाऊ नॅट बनवतो, म्हणून खऱ्या शिकाऊ नॅटच्या मालिकेतला एक्सपी ५०४ मी त्याला दिला. शोधणाऱ्याला तो क्रमांक नॅटच्याच घरात सापडतो.

गोल: इथे वेळ घालवा

ब्रिटिश गोल म्हणजे लाल-पांढरा-निळा एवढंच डोक्यात असेल तर थोडं थांबा. प्रत्येक बदलामागे कारण आहे, आणि ते कळलं की चूक होत नाही. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडच्या आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गोलातला लाल काढून टाकला होता, कारण लांबून तो जपानी सूर्य वाटायचा. युद्धानंतर, १९४७ पासून, उजळ लाल-पांढरा-निळा आला. त्याचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: लाल गोलाचा व्यास १, पांढऱ्याचा २, निळ्याचा ३. अणुबॉम्ब वाहणारी व्ही-बॉम्बर विमानं १९५० च्या दशकाच्या शेवटी पांढरी झाली, तेव्हा गोलही फिकट झाले. स्फोटाच्या झळीत गडद रंग उष्णता शोषतो म्हणून. १९६४ च्या सुमारास हीच विमानं जमिनीलगत उडायला लागली आणि वरून हिरवी-करडी झाली. १९७० च्या दशकात हल्ल्याच्या विमानांवरून पांढरा रंग गेला, नुसते लाल-निळे गोल उरले. त्याच दशकाच्या अखेरीस हवाई संरक्षणाची विमानं करडी व्हायला लागली आणि त्यांच्यावर पुन्हा फिकट गुलाबी-निळं आलं, या वेळी लपण्यासाठी.

म्हणजे फिकट गोल दोनदा आले, दोन वेगळ्या कारणांनी. माझं एफ-१११के बरोबर मधल्या वर्षांत सापडलं होतं.

१९६४ च्या एडनमधल्या नॅटला उजळ, पांढऱ्यासकट गोल हवेत. शेपटावरच्या पट्ट्यांत लाल नेहमी पुढच्या कडेला. सीरिअल धडावर काळा, ८ इंच उंचीचा. पंखाखाली मोठा, एका पंखाखालचा समोरून वाचता येणारा आणि दुसऱ्याखालचा मागून.

स्क्वॉड्रनची निवड तळावरून करायची. एडनजवळच्या खोरमकसर तळावर आठ क्रमांकाची स्क्वॉड्रन होती, १९६३ पासून ४३ वीही आली. ४३ ची खूण काळा-पांढरा बुद्धिबळाचा पट, आठची पिवळी-निळी-लाल पट्टी. नॅटच्या धडावर गोलाशेजारी जागाच नाही, तोफ आणि हवेचं तोंड मध्ये येतं. म्हणून मी आठची पट्टी नाकावर घेतली आणि नखाएवढी केली. जागा नसेल तर खूण लहान करा किंवा हलवा. खऱ्या दुरुस्ती पथकानेही तेच केलं असतं.

रंगाचं फार ताणत नाही. वर गडद हिरवा आणि गडद समुद्री करडा, ब्रिटिश प्रमाणयादीत ६४१ आणि ६३८. खाली त्या काळच्या हंटरसारखा चंदेरी. वाळवंट आहे म्हणून वाळूचा रंग द्यायचा मोह होईल, पण एडनची हंटर तिथे हिरवी-करडीच उडत होती. न जुळणारं खरं हे जुळणाऱ्या कल्पनेपेक्षा कधीही जास्त पटतं. १९८४ मध्ये ब्रिटनने अमेरिकी नौदलाची १५ वापरलेली फँटम घेतली. ती रंगवली गेली अमेरिकेत, आणि त्यांचा करडा रंग ब्रिटिश करड्याशी जुळला नाही. हे कल्पनेतून कोणी केलं असतं तर आपणच म्हटलं असतं, ‘रंग चुकलाय.’

टेबलावर

किट घेताना एक खड्डा आहे. एअरफिक्सचं जुनं, सहज मिळणारं नॅट हे शिकाऊ टी.१ आहे. त्याची पुढची खुर्ची ठेवून मागची बुजवली की लढाऊ नॅट झालं असं वाटतं, पण शिकाऊ विमानाच्या पंखाचं क्षेत्रफळ बरंच जास्त आहे, शेपूटही मोठी. एकाच खुर्चीचं किट शोधा. ते जमलं नाही तर निदान पंख कापण्याआधी पट्टी लावा: १:७२ मध्ये लढाऊ नॅट पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत साधारण ९४ मिलिमीटर. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात खरं नॅट उभं आहे. गेलात तर चाकाच्या खणाचे फोटो काढून आणा, ते चित्रांत कुठेच नीट दिसत नाहीत.

मोजमापाचा हिशेब एकदा पाठ करून टाका. १:७२ मध्ये खरा एक फूट म्हणजे ४.२३ मिलिमीटर, एक इंच म्हणजे ०.३५. मग १८ इंचांचा गोल ६.३५ मिलिमीटरचा, ३६ इंचांचा १२.७ चा, आणि ८ इंची सीरिअल जेमतेम २.८ मिलिमीटर उंच. गोल केवढा घ्यायचा हे पटत नसेल तर ट्रेसिंग पेपरवर कंपासने दोन-तीन मापं काढा, कापा, पाण्याने विमानावर चिकटवा आणि हातभर लांबून बघा. नॅटवर ३६ इंची गोल म्हणजे ताटाएवढी टिकली. १८ इंचीच शोभतो.

अजितसारख्या पंखासाठी मी दोन जादा खांब किटमधल्याच दुसऱ्या जोडीवरून घासून केले. सांधे लांबीने भरले, ४०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने ओले घासले. रॉकेटं सुईच्या जाडीची प्लास्टिकची काडी तापवून ताणली आणि तोडली. तीनातली एक वाकडी येते, तेवढं धरून चाला.

पावसाळ्यात वार्निश फवारू नका. जुलैत मी एकदा घाई केली आणि सगळं विमान सायीसारखं पांढरं पडलं. हवेतला ओलावा आत अडकतो. अगदीच थांबवत नसेल तर रंगवलेलं विमान टेबललॅम्पच्या उबेला तासभर ठेवा, डबा कोमट पाण्यात बुडवून घ्या, आणि पातळ दोन हात द्या. त्यापेक्षा गणपती होऊन जाऊ द्या.

डिकॅल घरी छापायचे असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पारदर्शक कागदावर छापलेल्या गोलातला पांढरा भाग हिरव्या रंगावर लावताच हिरवा दिसतो. म्हणून गोल पांढऱ्या पाठीच्या डिकॅल कागदावर छापायचे आणि निळ्याच्या कडेने अगदी काठोकाठ कापायचे. सीरिअल काळा आहे, तो पारदर्शक कागदावर चालतो. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, म्हणून छापल्यावर पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात आणि रात्रभर वाळवण. मगच पाण्यात. कापताना नवी ब्लेड, आणि कात्री न फिरवता कागद फिरवायचा.

चित्र काढणाऱ्यांना हा ताप नाही. त्यांनी रंग, खुणा आणि मळ वेगळ्या थरांवर ठेवावेत, म्हणजे एकाच रेखाटनावर आठ आणि ४३ दोन्ही बसवून बघता येतात.

मळ हाताळताना हात आखडता घ्या. तोफांच्या तोंडापासून मागे काजळी, पंखावर चालण्याच्या जागी झिजलेला हिरवा, पोटाखाली तेलाचा एखादा ओघळ. एडनला मी वरचा हिरवा एक छटा फिकट केला, कारण तिथलं ऊन रंग खातं. चाकाजवळ थोडी धूळ. बस्स.

चिठ्ठी

विमानाखालची चिठ्ठी म्हणजे निम्मं काम. ती कंटाळवाणी हवी. ‘शत्रूचा कर्दनकाळ’ असले शब्द आले की थाप उघडी पडते. माझी अशी आहे:

‘फॉलंड नॅट एफजीए.२, एक्सपी ५०४, आठवी स्क्वॉड्रन, खोरमकसर, मे १९६४. राडफान मोहिमेत ३ इंची रॉकेटांसह. उन्हाळ्यात दुपारनंतर पूर्ण वजनासह उड्डाणास मनाई.’

एडनच्या उत्तरेकडच्या डोंगरांतली राडफानची मोहीम खरी, तिथे हंटरनी ३ इंची रॉकेटं टाकली तेही खरं. शेवटचं वाक्य माझं, आणि लोक सर्वात जास्त विश्वास त्याच्यावरच ठेवतात. विमानाला एखादी खोड द्या. खोड नसलेलं विमान कुणी कधी पाहिलेलं नाही.

शेवटी त्याचं पुढे काय झालं तेही ठरवून ठेवा, चिठ्ठीत लिहिलं नाही तरी. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटिश एडनमधून निघाले. आठवी स्क्वॉड्रन बहारीनच्या मुहर्रक तळावर गेली होती आणि १९७१ अखेर ती बंद झाली. माझी नॅटही तिच्याबरोबर तिथवर गेली. काही सुट्या भागांसाठी बंगलोरला आली. एक्सपी ५०४ इंग्लंडमधल्या एका तळाच्या फाटकाशी खांबावर चढवलंय, आणि ते दृश्य मी आता दुसऱ्या किटवर करतोय. काच पिवळी पडलेली, चाकात घरटं, चंदेरी पोटावर शेवाळ. त्याच्या गोलातला लाल इतक्या वर्षांच्या उन्हापावसाने उतरून गुलाबी झालाय. आजोबा पुन्हा आले तर हा गुलाबी त्यांना दाखवायचाय.